पाहिलं, ऐकलं, उतरवलं

चिखलीला आमच्या भिंतीपलीकडे उबरहंडे साहेब राहत, आणि 'म्हणतात' या शब्दाशी त्यांचा उभा दावा होता. 'तो डॉक्टर चांगला आहे म्हणतात', 'यंदा कापसाला भाव येणार म्हणतात', असं बोलता बोलता कोणाच्या तोंडून निघालं की साहेब हातातलं काम थांबवून विचारत, "कोन म्हनते?" समोरचा नाव सांगे. तेवढ्यानं सुटका होत नसे. "मंग त्यानं सोता पाह्यलं, का आयकलं, का कुठून उतरोलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. गल्लीतल्या बायका त्यांना पाहून बोलणं बदलत. मीही पुढे पुढे बदलू लागले.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. माझे यजमान टपाल खात्यात, त्यांची बदली चिखलीला झाली आणि मला तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. मी पुण्याची. 'मले', 'तुले', 'काऊन' ऐकलं की मला हसू येई, आणि ते मी फारसं लपवतही नसे. आज त्याची लाज वाटते. साहेबांच्या बायकोला, कमलवहिनींना, मी पहिल्याच आठवड्यात 'काऊन नव्हे, का' असं सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, "हाव बाई, पन 'का' म्हनलं तं भांडल्यावानी वाट्टे." 

साहेब शेतीच्या कचेरीत होते. ठेंगणे, सावळे, खाकी पँट, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या काजाला दोऱ्यानं बांधलेली एक पेन्सिल. माझ्या पाहण्यात ती पेन्सिल त्यांनी कधी सोडली नाही आणि पेन कधी धरलं नाही. कचेरीत सही करण्यापुरता टाक उचलत, तेवढंच. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बाई, शाईनं लिहलं का लिहनाऱ्यालेच ते खरं वाटाले लागते." मला ते गमतीचं वाटलं.

घरात त्यांचे बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे होते. त्यांवर कागद डकवलेले: पाहिलं, ऐकलं, उतरवलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केलेल्या असत. जे काही वाचत, कोणी सांगत, ते एका चिठ्ठीवर एक असं टिपून त्या त्या डब्यात जाई. लग्नसराई आली की साहेब खूश. वहिनी म्हणत, "लोक लग्नाले जातात जेवाले, आमचं मानूस जाते पत्रिका आनाले." तिन्ही डब्यांत 'उतरवलं'चा सर्वांत मोठा होता आणि तोही पुरत नसे. 'पाहिलं'च्या डब्यात मात्र हात घातला तर बूड लागे.

त्यांची ही विचारायची पद्धत मला पहिल्यांदा समजली ती एका अपघाताच्या बातमीनं. मेहकर रस्त्यावर एस.टी. उलटली, अशी आवई एका सकाळी गावात उठली. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान त्या गाडीला असायचे, त्या रडायला लागल्या. मी घरी धावत आले आणि साहेबांना सांगितलं, पाच जणांनी सांगितलंय, आता खोटं कसं असेल? साहेबांनी पाचही नावं लिहून घेतली, सायकल काढली आणि तासाभरात परत आले. गाडी पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. एकानं पानाच्या टपरीवर 'गाडी बसली' म्हटलं होतं. पाचही जणांनी त्याच टपरीवरून बातमी उचलली होती, फक्त वाटेत 'बसली'ची 'उलटली' झाली होती. "पाच मानसं नव्हते ते," साहेब मला म्हणाले, "एकच मानूस होता. बाकीच्यायनं त्याचंच सांगतलं." बोलताना ते मुळीच चढून बोलत नव्हते. पंक्चर काढायला मदत केल्यामुळे हात काळे झाले होते, ते धूत होते.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे ते काम आलं. हरभऱ्यावर मर पडते, म्हणजे उभं झाड मुळातून रोगानं वाळतं, त्याबद्दल आजवर जिथं जे छापलं किंवा लिहिलं गेलंय ते सारं गोळा करायचं, ताडून पाहायचं आणि दसऱ्याआधी शेतकऱ्यांसाठी चार पानांची पुस्तिका करायची. कचेरीतल्या बाकीच्यांना हे शिक्षाच वाटलं असतं. साहेबांना मुलाचं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. मराठी शुद्ध असावं म्हणून त्यांनी मला बोलावलं. "विषय माहा, व्याकरन तुमचं," म्हणाले.

कागद तीन राज्यांचे होते. आमचा जिल्हा आधी नागपूरकडे होता, मग मुंबईच्या मोठ्या राज्यात गेला, मग महाराष्ट्रात. प्रत्येक राज्यानं आपापल्या भाषेत कागद केले होते, कोणी इंग्रजी, कोणी हिंदी, कोणी मराठी, आणि दुसऱ्याचं कपाट कोणी उघडलं नव्हतं. साहेब सुटीच्या दिवशी एस.टी.नं बुलढाण्याला जात, कुठल्या कुठल्या खोल्यांतले गठ्ठे सोडवत आणि धुळीनं शिंकत परत येत. असे चौदा कागद जमले. चौदांत मरीबद्दल पुष्कळ काही वेगवेगळं होतं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत: हरभरा दिवाळीनंतर उशिरा पेरला तर मर टळते.

हे तर साहेब स्वतःच कितीक वर्षं गावोगाव सांगत आले होते. लोक त्यांना मागून 'उशिऱ्या साहेब' म्हणत. मी म्हटलं, चौदा जण एक सांगतायत, लिहून टाका आणि मोकळे व्हा. मी लिहूनही दिलं, 'उशिरा पेरणी हितावह असल्याचे सर्वत्र आढळून आले आहे.' मला माझं ते वाक्य फार आवडलं होतं.

साहेबांनी ते वाचलं. "कोनाले आढळलं?"

"सर्वांना."

"सर्व म्हंजे कोन? तुमच्या या वाक्यात, बाई, मानूसच नाई."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चौदा कागदांच्या चौदा चिठ्ठ्या जमिनीवर मांडलेल्या, आणि ज्यानं ज्याच्यावरून घेतलं त्या दोघांमध्ये सुतळीचा तुकडा ठेवलेला. साहेब कागदाचा निष्कर्ष शेवटी वाचत. आधी वाचत तळटीप, मग 'अमुक अहवालावरून', मग शब्द. दोन कागदांत एकच चूक सापडली की त्यांना हर्ष होई, कारण चूक दोघांना वेगवेगळी सुचत नाही, ती उतरवलेलीच असते. एका पुस्तिकेत धाड या गावाचं 'घाड' झालं होतं. तीच चूक आणखी चार ठिकाणी निघाली. चारही सुतळ्या त्या पुस्तिकेला जाऊन मिळाल्या.

श्रावण लागेपर्यंत अकरा चिठ्ठ्या 'उतरवलं'मध्ये गेल्या. दोन 'ऐकलं'मध्ये. राहिली एक, एका जुन्या परिपत्रकाची. सगळ्या सुतळ्या तिच्याकडे येत होत्या. 'धाड भागातील प्रत्यक्ष पाहणीवरून' एवढाच आधार त्या परिपत्रकात दिला होता, पाहणी करणाऱ्याचं नाव नव्हतं. त्या पाहणीची मूळ नोंद सापडेना. साहेब म्हणाले, "एकच खुटी हाय बाई, अन् चौदा कपडे टांगले तिच्यावर. ती पाह्यल्याबिगर मी एक अक्षर देनार नाई."

त्याच दिवसांत त्यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली, ती माझ्या मनात राहिली. ज्यांनी उशिरा पेरलं आणि ज्यांचं साधलं नाही, त्यांचा चौदांत एकही कागद नव्हता. "त्यायचा कागद होत नाई," म्हणाले. "त्यायच्या घरी जा लागते."

नोंद सापडली ती बुलढाण्याला, एका मोडक्या खुर्चीखाली आधार म्हणून ठेवलेल्या गठ्ठ्यात. साहेब ती घेऊन दुपारी घरी आले. मी शाळेतून परत येत होते, त्यांनी ओसरीवरून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा नागपूरच्या राज्यातला छापील इंग्रजी तक्ता होता तो. पेरणी लवकर, पीक हरभरा, गाव धाड, शेतकऱ्याचं नाव, आणि शेरा: शेजारचा उशिरा पेरलेला टिकला. 'रोग' असं लिहिलेल्या चौकटीत शाईनं 'मर'. आणि समासात, अगदी बारीक, पेन्सिलीनं मराठीत: 'शेतकरी म्हणतो, हरभरा जळाला.'

"अक्षर कोनाचं हाय, वळखलं का?" साहेबांनी विचारलं.

मी दोन महिने रोज त्यांच्या चिठ्ठ्या वाचत होते. न ओळखायला काय झालं? मी मान डोलावली.

"नवीन होतो या खात्यात," ते म्हणाले. "असे तक्ते शेकड्यानं भरले. हा आठवतबी नाई."

मग त्यांनी मला विचारलं, "बाई, जळाला म्हंजे तुमच्या पुन्याच्या मराठीत काय?"

"आग लागली," मी म्हटलं.

"आमच्या इकडं रोगानं गेला तरी जळाला. वल सरली, पानी नाई भेटलं, तरी जळाला. थंडीनं गेला तरी जळालाच. त्या तक्त्यात चौकट एकच होती, रोगाची. म्या तिघातलं एक निवडलं अन् शाईनं लिहलं. त्या मानसाले इचारलं नाई. वावर पाह्याले गेलो नाई." मग म्हणाले, "अन् वर लिहून देल्लं, प्रत्यक्ष पाहनी."

मला आठवलं, मीही त्यांच्या मसुद्यातले कितीतरी 'जळाला' खोडून त्याजागी 'रोगाने मेला' असं शुद्ध करून ठेवलं होतं. मी ते त्यांना त्याच वेळी सांगितलं. ते हसले, पण बरं वाटून नव्हे.

दुसऱ्या दिवशी ते धाडला गेले. तो शेतकरी म्हातारा झाला होता, पण जिवंत होता. पुढचं साहेबांनी मला सांगितलेलं आहे, म्हणजे माझ्यापुरतं ते 'ऐकलं'च्या डब्यातलं. म्हाताऱ्याला ते वर्ष लख्ख आठवत होतं. वावर बरड, माती हातभरही नाही, आणि पाऊस दसऱ्याच्या आधीच गेला. "मर कायची, साह्यब? पानी गेलं अन् जळाला," एवढंच तो म्हणाला. शेजारच्या काळ्या रानात उशिरा पेरलेलं टिकलं होतं ते उशिरामुळे नव्हे, काळ्या रानामुळे. म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि विचारलं, "इतक्या वर्सानं त्याचं काय काढलं?" 

त्यानंतर चार-पाच दिवसांनी महालक्ष्म्या, म्हणजे आमच्या पुण्याच्या गौरी, आल्या. साहेबांची थोरली बहीण, गोदाबाई, अमडापूरला दिलेली. तिच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला वहिनींनी मलाही नेलं. हे मी पाहिलेलं आहे. ओसरीवर पुरुषांची पंगत उठली होती, आतल्या घरात बायका जेवायच्या होत्या. साहेब न जेवता दाराशी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, हरभरा दिवाळीनंतर पेराचं ते माहं चुकलं. कोनं पाह्यलेलं नाई ते. मीच आयकून लिहलं होतं, अन् मंग माहंच लिहलेलं पुस्तकात वाचून तुले सांगत आलो."

गोदाबाईच्या हातात आंबिलीची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली.

"मंग इतके वर्स आमी काऊन थांबलो रे, भाऊ?"

साहेबांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"आजूबाजूचे पेरून मोकळे होत. आमचं वावर तसंच. वल डोयासमोर जाये. हे म्हनत, पेरू दे. मी म्हनो, माहा भाऊ साह्यब हाय, त्याले ठाव हाय." तिचा आवाज चढला नाही. "दरसाली लोकायपेक्षा आमचं कमी होये, तं मी म्हनो, मर लागली असती तं हेबी झालं नसतं."

 मला रडू आलं. साहेबांची मान खाली होती, आणि काजाला लटकलेली ती पेन्सिल त्यांनी मुठीत धरून ठेवली होती. गोदाबाईनं वाटी पुन्हा उचलली आणि म्हणाली, "जेव आता. पोयी गार होते." त्यांनी पाटावर बसून जेवण केलं. बहिणीनं आग्रह केला तेवढं सारं खाल्लं.

पुस्तिकेचा मजकूर त्यांनी महालक्ष्म्या झाल्यावर आठवडाभरात दिला. त्यात तेरा गोष्टी होत्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी कंसात पाहिलेलं, ऐकलेलं की उतरवलेलं ते दिलं होतं. पेऱ्याबद्दल लिहिलं होतं: 'उशिरा पेरल्याने मर टळते की नाही हे आम्हांस माहीत नाही. उशिरा पेरल्याने जमिनीतील ओल जाते हे माहीत आहे. उशिरा पेरण्याची शिफारस आजवर ज्या एका नोंदीवर उभी होती ती नोंद मी केली. मी ते शेत पाहिले नव्हते.' खाली पूर्ण नाव. माझ्याकडे शुद्धलेखनाला आलं तेव्हा मी एका वेलांटीपलीकडे त्यात काही केलं नाही.

तेव्हा बुलढाण्याच्या वरच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे होतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनींनी तर तिथलं घरही मनात पाहून ठेवलं होतं. वहिनींनी सांगितलं त्याप्रमाणे, वरचे अधिकारी भले माणूस होते. त्यांनी साहेबांना बसवून समजावलं. शेतकऱ्याला 'माहीत नाही' कसं छापून द्यायचं? आणि स्वतःचं नाव घालायची काय गरज? 'जुनी निरीक्षणं अपुरी होती' म्हणा, सगळं बसतं त्यात. साहेब म्हणाले, "त्यात मानूस नाई."

पुस्तिका छापून आली. पेऱ्याबद्दल एकच ओळ होती, 'पेरणीची वेळ जमिनीतील ओल पाहून ठरवावी.' ती चुकीची नव्हती. बाकीच्या तीन ओळी, कंस आणि नाव गेलं होतं. वरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नव्हता, मला माहीत नाही. लोक होता म्हणत. मी साहेबांना तसं बोलले तर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोन म्हनते?"

वहिनींना मात्र फार लागलं. आठ दिवस त्या भिंतीपलीकडून माझ्याशीसुद्धा धड बोलल्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "खरं सांगाले काई हरकत नव्हती, बाई. पन छापूनच पायजे होतं काय?" मला दोघांचंही पटत होतं. अजूनही पटतं.

साहेबांनी त्या हिवाळ्यात एक वही केली. ते वाक्य कुठं कुठं गेलं होतं त्याची यादी: कोणत्या गावच्या सभेत ते बोलले, कोणत्या शाळेच्या भिंतीवर लिहिलं गेलं, कोणाच्या ओसरीवर बसून सांगितलं. आठवेल तितकं लिहिलं आणि सुटीच्या दिवशी एकेका गावाला जाऊ लागले. सायकलीनं जमे तिथं सायकलीनं, नाही तर एस.टी.नं. आधी जसे ते कागदावरून मागे मागे मुळाकडे गेले होते, तसे आता मुळापासून पुढे निघाले होते. लोकांना यात विशेष काही वाटत नसे. कोणी म्हणे, आम्ही कधी उशिरा पेरलंच नाही, साहेब, तुम्ही उगीच आलात. ते त्याची चिठ्ठी करत.

दोन वर्षांनी आमची बदली औरंगाबादला झाली. निघताना साहेबांनी मला काही दिलं नाही, आशीर्वादही नाही. "पोचल्यावर कार्ड टाका," म्हणाले, "अन् तिथचं जे लिहाल ते सोता पाहून लिहा." मी चार कार्डं टाकली असतील. पाचवं राहून गेलं.

मग सात-आठ वर्षांनी एका लग्नाला म्हणून मी औरंगाबादहून बुलढाण्याच्या गाडीत बसले. धाडला बाजाराचा दिवस होता. गाडी गर्दीत अडकून उभी राहिली. खिडकीतून पाहते तर वांग्यांच्या ढिगापलीकडे साहेब. केस पांढरे झालेले, सदरा तोच, काजाला पेन्सिल. नोकरीतून मोकळे झाले होते हे मला कोणीतरी कळवलं होतं. त्यांच्यासमोर एक तरणा शेतकरी पिशवी घेऊन उभा होता, आणि साहेब त्याला हरभऱ्याचंच काहीतरी विचारत होते. मधे ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं म्हणून मला ऐकू आलं.

"आमी दिवाळीनंतरच पेरतो," तो म्हणत होता. "आमचा बाप तसंच करे."

"तुह्या बापानं सोता पाह्यलं होतं, का आयकलं?"

"आयकलं असन. त्याले मांगं एका साह्यबानं सांगतलं होतं म्हनते."

साहेबांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. मग त्या पोराच्या दंडाला हात लावून म्हणाले, "तो साह्यब म्याच होतो, बाप्पा. मले ठाव नव्हतं. बस, सांगतो."

आणि दोघं तिथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी, उकिडवे बसले. गाडी सुटली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण मारली नाही. एवढं मात्र मी स्वतः पाहिलं आहे.